तोक्यो, व्हाया लंडन

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात जपानी माणूस सहसा आढळत नसला, तरी जपानी नावांची वस्ती तेथे चांगलीच दाट असून ती जिन्याखाली लावलेल्या दुचाकीपासून माळ्यावर टाकलेल्या बंद गणकयंत्रापर्यंत सर्वत्र पसरलेली आहे. होंडा, सुझुकी आणि यामाहा गॅरेजवाल्याच्या तोंडी असतात, कॅसिओ मनगटावर आणि कॅनन पासपोर्ट फोटोच्या दुकानात असतो, डोरेमॉन शाळेतून परतलेल्या मुलांपुढे हिंदीत बोलत असतो, सुडोकू निवृत्तांच्या वर्तमानपत्रात असते आणि कराटेच्या वर्गाचा फलक विजेच्या खांबाला तारेने आवळलेला असतो. या सर्व नावांच्या चरित्रात एक समान घटना घडलेली आहे, ती अशी की जपानहून विरारला येताना त्यांतील बहुतेकांनी लंडनला गाडी बदलली आणि त्या धावपळीत त्यांचे काही ना काही सामान तेथील फलाटावरच राहून गेले. होन्दाचा द, तोयोताचे दोन्ही त आणि कारातेतला ते अजूनही तेथेच पडून असावेत.

हे कसे घडले, हे समजण्यासाठी उच्चारशास्त्रात थोडे शिरणे भाग आहे. जपानी भाषेतील त आणि द हे दन्त्य, म्हणजे जीभ दातांकडे नेऊन उच्चारले जाणारे वर्ण आहेत. इंग्रजी भाषकाची जीभ याच कामासाठी दातांमागच्या हिरडीवर जाते आणि तो जो ध्वनी काढतो तो मराठी कानाला ट किंवा ड असा ऐकू येतो. इंग्रजांचा नाइलाज समजण्यासारखा आहे, कारण त्यांच्याकडे या कामासाठी एकच वर्ग आहे. परंतु ज्या समाजाच्या पाटीवर पहिलीतच तवर्ग आणि टवर्ग असे दोन स्वतंत्र वर्ग उतरतात, त्या समाजाने घरात त असताना लंडनहून ट मागवावा, ही गोष्ट उच्चारशास्त्राच्या कक्षेत बसत नाही. ती प्रतिष्ठेच्या कक्षेत बसते. इंग्रजीचा गंध नसलेली आजी दूरचित्रवाणीवरील त्या निळ्या मांजराला ‘दोरेमोन’ म्हणते आणि ‘दोराएमोन’ या मूळ नावाच्या बरीच जवळ पोहोचते, तर इंग्रजी माध्यमातला नातू तिला लगेच थांबवतो.

“आजी, दोरेमोन नाही गं, डोरेमॉन!”

“तेच म्हटलं की मी.”

“तू द म्हटलंस. ड म्हण, ड. डमरूचा ड.”

अशा रीतीने मनवेलपाड्यातील एक बऱ्यापैकी शुद्ध उच्चार घरातल्या घरातच दुरुस्त केला जातो.

इंग्रजी भाषकाची दुसरी अडचण आघाताची, म्हणजे शब्दाच्या एखाद्या भागावर जोर देण्याची आहे. तसा जोर दिल्यावाचून त्याला शब्द ओलांडताच येत नाही, त्यामुळे हिरोशिमातील ‘रो’वर जोर द्यावा की ‘शि’वर, या विवंचनेत तो सापडतो; जपानी माणूस मात्र कोणत्याच अक्षराला असे डोक्यावर न घेता प्रत्येक मात्रेला सारखा वेळ देतो. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञ जिला ‘मोरा’ म्हणतात आणि जी समजावून देताना त्यांची पानेच्या पाने खर्ची पडतात, ती वस्तू मात्रावृत्ते मोजलेल्या मराठी वाचकाच्या परिचयाची मात्राच होय. तोक्यो हे नाव ‘तो-ओ-क्यो-ओ’ असे चार मात्रांचे आहे. इंग्रजीला ‘क्यो’ हे जोडाक्षर झेपत नसल्याने तिने त्याचे ‘टोकियो’ केले आणि मराठीने ते तसेच उचलले. वास्तविक जो मनुष्य दिवसभर ‘नाक्यावर’ उभा राहतो आणि ज्याच्या ‘डोक्यात’ सतत काहीतरी चालू असते, त्याला ‘क्यो’ अवघड जाण्याचे काहीच कारण नव्हते. ‘ऱ्यो’ या अक्षराने सुरू होणारी जपानी नावे घेताना तर इंग्रज ‘रियो’ म्हणून ब्राझीललाच पोहोचतो, आणि मराठी माणूस, ज्याच्या इमारतीला पायऱ्या आहेत आणि ज्याला शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलावे लागतात, तोही इंग्रजाच्या मागोमाग निमूटपणे ब्राझीलला जातो. इंग्रजांनी साके या मद्याचे ‘साकी’ केले, हा प्रमाद मात्र रसिकांनी पोटात घालण्यासारखा आहे, कारण निदान पेय आणि ते ओतणारी व्यक्ती यांच्यात त्यामुळे काही संबंध राहिला.

लंडनला न जाता थेट आल्यासारखा वाटणारा एक शब्द मराठीत आहे आणि तो म्हणजे ‘हाराकिरी’. इंग्रजी बोलण्यात त्याचे ‘हॅरी-कॅरी’ असे, दोन भावांची नावे वाटावीत असे, रूप रूढ झालेले असताना मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानाने तो शब्द जवळजवळ अस्सल अवस्थेत जतन केला, यामागे जपानी संस्कृतीविषयीच्या आस्थेपेक्षा भारतीय फलंदाजीची मधली फळी अधिक कारणीभूत आहे.

भाषिक सोयरिकीचा विचार केल्यास हा सारा लंडनचा वळसा अधिकच अनाकलनीय ठरतो. जपानी अक्षरमालेचा आजचा क्रम अ-इ-उ-ए-ओ आणि क-स-त-न-ह-म-य-र-व असा आहे, आणि तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णाभ्यासातून आलेला आहे. म्हणजे जपानी मुलाची अक्षरओळख आणि मनवेलपाड्यातील बालवाडीची बाराखडी या एकाच घराण्यातल्या आहेत. जपानी भाषेत ‘न्’चे एक स्वतंत्र अक्षर आहे, ज्याचा उच्चार पुढच्या वर्णानुसार बदलतो: क आला की ङ्, ब आला की म्, द आला की न्. इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना हा नियम पाठ करावा लागतो आणि मराठी माणूस त्याला अनुस्वार म्हणतो. ‘शिंकान्सेन’ या शब्दातील टिंब विरारचा मनुष्य पहिल्याच प्रयत्नात बरोबर उच्चारतो, मग ऐकणारा त्याला “सर्दी झाली का?” असे विचारो.

शिंकान्सेन म्हणजे शब्दशः नवी मुख्य लोहमार्गरेषा. पहिली शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान सुरू झाली, आणि तिच्या मुंबई-अहमदाबाद अवताराची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावरील बारा स्थानकांत विरारचा समावेश असल्याने जपानी शब्दांचा पुरवठा तालुक्यात वाढला आणि त्यासोबत गैरसमजांचाही. प्रकल्पाला अत्यल्प व्याजाचे, पन्नास वर्षांत फेडायचे कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘जायका’ असा होतो. विशेष म्हणजे खुद्द जपानी लोकही तो ‘जायका’ असाच करतात. म्हणजे मनवेलपाड्यात अचूक उच्चारल्या जाणाऱ्या मोजक्या जपानी नावांपैकी हे एक होय, आणि नेमके तेच कोणाला कळत नाही. सकाळच्या लोकलमध्ये, दरवाज्यात उभ्या असलेल्या मंडळींत, त्याची चर्चा साधारणपणे पुढीलप्रमाणे होते.

“अहो, एवढे पैसे दिले कोणी?”

“जायकाने.”

“मसालेवाल्याने?”

पायाभरणीला आलेले जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या आडनावाने तर अवघ्या महाराष्ट्राची परीक्षा पाहिली. अमेरिकन माणूस इंग्रजी अक्षरांवरून ते आडनाव ‘एब’ असे वाचतो, कारण ती अब्राहम लिंकनच्या लाडक्या नावाची अक्षरे आहेत. मराठी वर्तमानपत्रांत ‘आबे’, ‘अबे’ आणि ‘अ‍ॅबे’ ही तिन्ही रूपे गुण्यागोविंदाने नांदली, परंतु त्यांतील मधले रूप नागपूरच्या बाजूला मोठ्याने वाचणे जोखमीचे होते, कारण तिकडे ‘अबे’ने सुरू होणारे वाक्य क्वचितच राजशिष्टाचाराला धरून असते. आडनाव आधी की नाव आधी, हा घोळ आणखी वेगळा. जपानी रीत आडनाव आधी घेण्याची आहे, इंग्रजीत लिहिताना मात्र ती उलटी केली जात असे, आणि १ जानेवारी २०२० पासून जपान सरकारने आपल्या कागदपत्रांत इंग्रजी अक्षरांतही आडनावच पुढे ठेवण्याचे धोरण स्वीकारले. जगभरच्या संपादकांना या बदलाने घाम फोडला असला, तरी ज्यांची हजेरी शाळेत दहा वर्षे ‘पाटील संजय रामचंद्र’ अशी घेतली गेली, त्यांच्या दृष्टीने जपान सरकार एवढ्या विचारान्ती आपल्या शाळेच्या हजेरीपटापाशी येऊन पोहोचले, एवढेच. नागपूरकर या बाबतीत पूर्वीपासूनच निर्धास्त आहेत. ओकायामा प्रांतात जन्मलेले आणि साठच्या दशकात नागपुरात येऊन तेथलेच झालेले भदन्त ससाई शूरेई यांना नागपूरने आडनाव मागे नेऊन, श चा स करून, ‘सुरेई ससाई’ म्हणून स्वीकारले, आणि त्यांनीही त्या नावाला वर्षानुवर्षे ओ दिली.

मनवेलपाड्यातील जपानी भाषेचे खरे केंद्र मात्र इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, सायंकाळी भरणारा कराटेचा वर्ग हे आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ते’ म्हणजे हात; ‘कराओके’तला ‘कारा’ही हाच, फक्त तेथे वाद्यवृंद रिकामा असतो आणि येथे हात. पांढऱ्या गणवेशातील मुले रांगेत उभी राहतात, प्रशिक्षक कमरेत वाकून अभिवादन करतात आणि मुले त्याला उत्तर म्हणून ‘ओस’ हा आदरदर्शक घोष करतात, जो दुसऱ्या मजल्यावर येईपर्यंत ‘ऊस’ झालेला असतो. ‘काता’, म्हणजे ठरावीक हालचालींची क्रमवार मालिका, येथे ‘काटा’ म्हणून ओळखली जाते, आणि “आज सर काटा घेणार आहेत” हे वाक्य प्रथमच ऐकणारी माता मुलाच्या पायाकडे पाहते. पण खरा प्रसंग उद्भवतो तो मोजणीत. जपानी अंक इची, नी, सान, शी, गो असे आहेत. यांपैकी चौथा अंक येताच लहान गटातील शिस्त कोसळते, एकदोन मुले खरोखरच खाली जाण्याची परवानगी मागतात, आणि प्रशिक्षक कितीही कठोर चेहऱ्याने ‘शी’ म्हणाले, तरी मुले ते वाक्य मनातल्या मनात पूर्ण करतात. जपानी लोकही चारसाठी हा उच्चार शक्यतो टाळतात, कारण त्यांच्या भाषेत तो मृत्यूवाचक शब्दाशी जुळतो. टाळण्याची कारणे निराळी असली, तरी दोन्ही राष्ट्रांची या अंकाविषयीची अस्वस्थता सारखीच म्हणावी लागेल. पाचवा अंक कोकणातून येऊन विरारला स्थिरावलेल्या कुटुंबांना अडचणीत आणतो. गच्चीच्या दारात पापड वाळत घालणारी मालवणी आजी नातवाच्या तोंडचा पाचवा अंक ऐकते आणि हातातला पापड तसाच ठेवून वळते.

“मेल्या, कोणाक ‘गो’ म्हणतंस?”

“आजी, गो म्हंजे पाच.”

“पाच कोण?”

ह्रस्व-दीर्घाचा प्रश्न यापेक्षा गंभीर आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम दिले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात “ह्रस्व-दीर्घाने असे काय बिघडते?” हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या सतत वाढत गेली आहे. या प्रश्नाचे समर्पक उत्तर मराठीत आजवर कोणी देऊ शकले नसले, तरी जपानीत ते तयार आहे: ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा, ‘ओबासान’ म्हणजे मावशी आणि त्यातला ‘बा’ किंचित लांबवला की त्याच मावशीची आजी होते. मराठीत ज्या चुकीला परीक्षक अर्धा गुण कापतो, त्या चुकीला जपानमध्ये समोरच्या बाईचे वय वीस वर्षांनी वाढते. आडनावांतही हीच गोष्ट आहे. ‘ओनो’ हे आडनाव वेगळे आणि पहिला ओ लांबवलेले ‘ओऽनो’ वेगळे. पहिल्याचा अर्थ लहान माळरान आणि दुसऱ्याचा मोठे माळरान असा होतो, म्हणजे उच्चारातील एका मात्रेच्या फरकाने सातबारा बदलतो. पालघर जिल्ह्यातील वाचकाला एवढ्या एका उदाहरणावरून दीर्घ स्वराचे महत्त्व पटावे.

उच्चाराची खात्री नसलेला मनुष्य काय करतो, याचे निरीक्षण केल्यास सर्व समाजांत काही ठरलेल्या युक्त्या आढळतात. कोणी नावापाशी येताच खोकतो. कोणी ते इतक्या वेगाने घेतो की ऐकणाऱ्यालाच आपल्या कानांविषयी शंका यावी. आणि कोणी नाव पूर्णपणे टाळून “ते आपले जपानी साहेब” असा सर्वनामात्मक मार्ग पत्करतो. जपानी कंपनीशी रोज ऑनलाइन बैठक असणारा विरारचा अभियंता यांपैकी तिसऱ्या पंथाचा असतो, कारण ‘तानाका’ या अगदी सोप्या नावाचे त्याच्या कार्यालयात ‘टनाका’, ‘तनका’ आणि एका दूरध्वनीवर ‘टणक’ असे संस्करण होऊन गेलेले असते. जपानीत नावापुढे आदरार्थी ‘सान’ लावतात हे कळल्यावर तो निश्चिंत होतो, पण मराठी विनयाला तेवढ्याने समाधान नसते, म्हणून तो ‘तानाकासान सर’ म्हणतो, आणि मग समोरून स्वतःची ओळख विचारली जाताच, ‘सान’ स्वतःच्या नावाला कधीही लावायचे नसते हे विसरून, “मी पाटीलसान” असे सांगून मोकळा होतो.

या सर्वांहून उपद्रवी प्राणी म्हणजे उच्चारसुधारक. परकीय चित्रपट उपशीर्षकांसह पाहिल्यामुळे त्याला मूळ उच्चारांची दीक्षा मिळालेली असते आणि ती वाटल्याशिवाय त्याला स्वस्थ बसवत नाही.

“काका, सुडोकू नव्हे हो. सूदोकु.”

“असं होय. तुमचं सुटलं का आजचं?”

“अजून नाही.”

“माझं सुटलं.”

सुधारकाने खरे तर वसई तालुक्याचा इतिहास ध्यानात घ्यावा, कारण नावांच्या हालअपेष्टांचा एवढा दीर्घ अनुभव फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आला असेल. पोर्तुगिजांनी वसईचे ‘बसाईं’ केले, इंग्रजांनी ‘बॅसीन’ केले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहाने पेशवाईचे स्वातंत्र्य गमावले, तो इंग्रजी पुस्तकांत बॅसीनचा तह म्हणूनच नोंदला गेला. राज्य तर गेलेच, शिवाय ते कुठे गेले हेही नीट लिहिले गेले नाही.

नावे बिघडण्यात सगळा दोष परक्यांचाच असतो असेही नाही, कारण जपानी उद्योगपतींनी आपली नावे स्वतःच्या हातांनीही बिघडवली आहेत. तोयोता मोटारीचे मूळ घराणे ‘तोयोदा’ आहे. १९३६ मध्ये द चा त करण्यात आला, आणि त्याचे एक कारण असे की जपानी लिपीत ‘तोयोता’ लिहायला आठ रेघा लागतात व आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. आपल्या इंग्रजी नावात एक जादा ए घालून नशीब उघडण्याची वाट पाहणाऱ्या मराठी माणसाला अंकशास्त्राचा याहून भक्कम पुरावा मिळणार नाही, फक्त त्याने सोबत एखादा मोटारीचा कारखानाही काढावा. काशिओ बंधूंनी स्वतःच ‘कॅसिओ’ होणे पसंत केले. कॅननची कथा तर थेट मनवेलपाड्याच्या शेजारची आहे. त्या कंपनीच्या १९३४ मधील पहिल्यावहिल्या नमुना कॅमेऱ्याचे नाव ‘क्वानोन’ होते, आणि क्वानोन म्हणजे बौद्धांचा अवलोकितेश्वर. ज्या नालासोपाऱ्याच्या स्तूपात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन केले, त्या प्राचीन बौद्ध बंदरापासून दोनचार किलोमीटरवरच्या दुकानात, रेशनकार्डासाठी हनुवटी वर करून बसलेल्या गिऱ्हाइकावर अवलोकितेश्वराची नजर रोखलेली असते. दुकानदाराला तो अर्थातच तोफ वाटतो.

जपानी नावे इंग्रजी अक्षरांत कशी लिहावीत, याची आजही सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धत जेम्स कर्टिस हेपबर्न या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते, कारण १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जपानी-इंग्रजी शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीने ती रूढ केली. लक्षावधी जपानी नावांचे परदेशी उच्चार मार्गी लावणाऱ्या या गृहस्थाला जपानमध्ये ‘हेबोन’ म्हणतात. जपान्यांचाही येथे नाइलाज आहे, कारण त्यांच्या भाषेत परंपरेने ओठाला दात लावून म्हणायचा व नाही तर ब आहे, ल नाही तर र आहे, आणि ‘न्’ सोडल्यास व्यंजनाला मागे स्वराची शेपूट जोडल्याशिवाय शब्दात राहता येत नाही. त्या नियमांनी कुलकर्णींचे ‘कुरुकारुनि’ होतात आणि मनवेलपाड्याचे ‘मानबेरुपादा’. विरार स्थानकाबाहेर “मनेलपाडा, मनेलपाडा, एक सीट!” असे ओरडणाऱ्या शेअर रिक्षावाल्याला त्यात काही वावगे वाटण्याचा संभव नाही, कारण चौथे गिऱ्हाईक मिळत असेल तर त्याला कोणताही उच्चार चालतो.

महाराष्ट्रात जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले, तेव्हा त्यांनी हा प्रश्न मुळातूनच निकालात काढला. जपानमध्ये बहुतेक निवडणुकांत मतदाराला उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवर स्वतः लिहावे लागते, म्हणून त्यांनी नुसत्या दोन जपानी अक्षरांत ‘योगी’ एवढेच नाव घेऊन निवडणूक लढवली. ही व्यवस्था वसई-विरार महापालिकेत आणल्यास काय होईल, याची कल्पना करण्यास हरकत नाही. जपानी कायद्यानुसार, दोन उमेदवारांना सारखेच लागू पडणारे अर्धवट नाव मतपत्रिकेवर आढळले, तर ते मत बाद न करता संबंधित उमेदवारांत त्यांच्या इतर मतांच्या प्रमाणात वाटले जाते, आणि त्यामुळे तिकडे निकाल दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांपर्यंत जाहीर होतात. मनवेलपाड्याच्या मतपेटीतून ‘दादा’, ‘भाऊ’, ‘आपले भाऊ’ आणि ‘मोठे दादा’ अशी मते बाहेर पडली, तर ती प्रभागातील, फ्लेक्सवरील आणि आजूबाजूच्या नगरांतील यच्चयावत दादांत वाटावी लागतील, आणि पहाटे तीन वाजता मोजणीच्या टेबलावर पाव मताने पडलेल्या उमेदवाराचा प्रतिनिधी ‘भाउ’तील उकार ह्रस्व असल्याने ते मत आपल्या भाऊंचे नव्हेच, अशी लेखी हरकत नोंदवील.